बैलगाड्यांच्या शर्यती

बैलगाड्यांच्या शर्यती : चपळ बैलांच्या एक किंवा दोन जोड्या हलक्या गाडीला जुंपून ठराविक सरळ अंतर कमीत कमी वेळात कापण्याची चढाओढ. महाराष्ट्रात या शर्यतींचे तीन मुख्य प्रकार रूढ आहेत. पुणे जिल्ह्याच्या उत्तर व पश्चिम भागांत ‘बैलगाडा शर्यत’, दक्षिणेकडील सातारा, सांगली या जिल्ह्यांत व त्यांना लागून असलेल्या बारामती, इंदापूर, फलटण या पट्ट्यात ‘छकडी’ आणि विदर्भात ‘शंकरपट’ अशी त्यांची नावे आहेत. राज्य विधिमंडळाने २०१७ साली केलेल्या कायद्याच्या व्याख्येतही हीच तीन नावे नमूद आहेत. तिन्ही प्रकारांत धाव सरळ असते. घोड्यांच्या शर्यतीप्रमाणे वळणे किंवा फेऱ्या नसतात आणि सगळा खेळ काही सेकंदांत संपतो. त्यामुळे या शर्यतींचा इतिहास हा बराचसा वेग मोजण्याच्या रीतींचा आणि त्या वेगासाठी बैलाला किती राबवावे, याविषयीच्या वादाचा इतिहास आहे.

महाराष्ट्रात गाडीला जुंपलेल्या बैलांचा सर्वांत जुना व देखणा पुरावा प्रवरेच्या काठी दायमाबाद (अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) येथे मिळाला. १९७४ मध्ये तेथे सापडलेल्या चार कांस्यशिल्पांपैकी एक दोन बैलांच्या रथाचे असून त्यावर एक पुरुष उभा आहे. शिल्पाची लांबी सु. ४५ सेंमी. आहे. ही शिल्पे उत्तर हडप्पाकालीन समजली जातात. मात्र त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. शिरूर तालुक्यातील इनामगावच्या उत्खननात (१९६८–८३) ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वसाहतीत मृण्मय बैल मिळाला असून त्यासोबत स्त्रीमूर्तीही आढळली. या वस्तूंवरून बैलाचे जीवनातील व श्रद्धेतील स्थान दिसते. शर्यती होत असत, असे त्यांवरून ठरविता येत नाही. अलीकडच्या वादात त्यांचा तसा उपयोग केला जातो, तो ओढूनताणून केलेला वाटतो. खरा जुना उल्लेख वाङ्मयात आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एकशे दोनाव्या सूक्तात मुद्गल ऋषीची पत्नी मुद्गलानी ही बैल जुंपलेल्या रथाची सारथी होऊन चढाओढ जिंकते, असा प्रसंग आहे. सूक्ताचा अर्थ अनेक ठिकाणी दुर्बोध असला, तरी बैलाचा रथ, सरळ धाव आणि जिंकलेले पारितोषिक या तीन गोष्टी त्यात स्पष्ट आहेत.

शर्यतींचे आजचे रूप मात्र गावयात्रेतून आले आहे. रब्बीची सुगी आटोपल्यावर शेते मोकळी होतात आणि बैलांना काम उरत नाही. याच सुमारास, मुख्यतः चैत्र व वैशाख महिन्यांत, गावोगावी ग्रामदैवताच्या यात्रा भरतात. देवाला बोललेला नवस फेडण्यासाठी गाडा पळविण्याची चाल त्यातून पडली. खंडोबा, भैरवनाथ, म्हसोबा यांच्या यात्रांशी शर्यतींचा संबंध विशेष निकटचा आहे. आंबेगाव तालुक्यातील थापलिंग येथील खंडोबाची यात्रा पौषात भरते. तेथील गाडे प्रसिद्ध आहेत. पोळा आणि बेंदूर हे बैलांचे सण वेगळे. त्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून त्याला विश्रांती देतात. यात्रेत त्याचे बळ दाखवायचे आणि सणाला त्याला पूजायचे, अशी ही विभागणी आहे.

शर्यतीचा बैल बहुधा खिलार जातीचा असतो. ‘खिल्लार’ म्हणजे गुरांचा कळप. या शब्दावरूनच जातीचे नाव पडले. ही जात म्हैसूरकडील हल्लीकर-अमृतमहाल या गोवंशाशी नाते सांगते आणि तिचे आटपाडी महाल, म्हसवड, नकली, थिल्लारी असे पोटप्रकार मानले जातात. पांढरा किंवा करडा रंग, लांब निमुळते तोंड, मागे जाऊन वर वळलेली टोकदार शिंगे, घट्ट बांधा व कठीण खूर ही तिची लक्षणे होत. माणदेशच्या कोरड्या, खडकाळ माळावर ही जात वाढली. गाय दूध कमी देते. बैल मात्र जलद व काटक असतो आणि थोड्या चाऱ्यावर राहतो. सांगोल्याचा आठवडे बाजार, खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा आणि पंढरपूरची कार्तिकी ही खिलार जनावरांच्या खरेदी-विक्रीची जुनी ठिकाणे होत.

खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ, शिरूर व हवेली या तालुक्यांत शर्यतीच्या धावपट्टीला ‘घाट’ म्हणतात. घाट म्हणजे डोंगरातील रस्ता नव्हे, तर चढाची, दोन्ही बाजूंना बांध असलेली सरळ पट्टी. चढामुळे धाव संपताना बैलांचा वेग आपोआप कमी होतो आणि बांधावर बसलेल्या हजारो प्रेक्षकांना पूर्ण धाव एका नजरेत दिसते. गाडा नावालाच गाडा असतो : दोन चाके, एक आस व हलका सांगाडा. त्याला चार बैल जुंपतात. मागील जोडीला धुरेची आणि पुढील जोडीला जुकाटाची म्हणतात. पुढे घोडीवर एक स्वार असतो. त्याच्या मागोमाग बैल धावतात. गाड्यावर गाडीवान बसत नाही. सुरुवातीच्या रेषेवर बैलांना धरून ठेवण्यासाठी दहा-पंधरा माणसे लागतात आणि निशाण पडताच ती एकदम बाजूला होतात. निवेदकाच्या तोंडून ‘भिर्रर्र’ हा शब्द निघेपर्यंत गाडा अर्धा घाट चढून गेलेला असतो. एका गाड्याच्या एका धावेस ‘बारी’ म्हणतात. बाऱ्यांचा क्रम चिठ्ठ्या किंवा टोकन काढून ठरवितात.

घाटात एका वेळी एकच गाडा धावतो. त्याचा प्रतिस्पर्धी शेजारी नसतो, तो घड्याळात असतो. त्यामुळे वेळ नोंदविणाऱ्या पंचाला येथे असाधारण मान असे आणि वादही त्याच्याभोवतीच होत. पूर्वी हातातील स्टॉपवॉचवर भिस्त होती. अंगठा दाबण्यातील क्षणाची चूक एखाद्या गाड्याचा क्रमांक बदलू शके. पुढे दोन्ही रेषांवर इलेक्ट्रॉनिक घड्याळे बसविण्यात येऊ लागली आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सांगितला जाऊ लागला. चांगल्या गाड्याला घाट चढण्यास बारा-तेरा सेकंद पुरतात. दिवसभरात सर्वांत कमी वेळ नोंदविणाऱ्या गाड्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. मात्र प्रत्येक गावच्या घाटाची लांबी, चढ व माती वेगळी असते. निमगावचे अकरा सेकंद आणि चाकणचे अकरा सेकंद यांची तुलना होऊ शकत नाही. म्हणूनच येथे ‘विक्रम’ असा शब्द फारसा रुजला नाही. जो राजा होतो, तो त्या घाटाचा आणि त्या दिवसाचा राजा असतो.

भीमेच्या दक्षिणेला आले की खेळाचे रूप पालटते. बारामती व इंदापूर हे तालुके पुणे जिल्ह्यात असले, तरी जनावरांचे बाजार, सोयरीक आणि शर्यतीची रीत या बाबतींत ते माणदेश व फलटणशी जोडलेले आहेत. येथे घाट नसतो, ‘मैदान’ असते. दोन बैलांची हलकी छकडी, तिच्यावर गाडीवान, आणि शेजारशेजारच्या चाकोऱ्यांतून एकाच वेळी सुटणाऱ्या अनेक छकड्या, असे तिचे स्वरूप आहे. गटातील विजेते उपान्त्य फेरीत व तेथून अंतिम फेरीत जातात. येथे घड्याळापेक्षा डोळा महत्त्वाचा ठरतो. कोणाच्या बैलाचे तोंड रेषेवर आधी आले, हे पंचाने ठरवावयाचे असते. अलीकडे त्यासाठी कॅमेऱ्याचे साहाय्य घेतात. चाकोरी सोडून दुसऱ्याच्या चाकोरीत शिरलेली छकडी बाद होते. सातारा जिल्ह्यातील पुसेगाव येथे सेवागिरी महाराजांच्या यात्रेत भरणारे ‘हिंदकेसरी’ मैदान हे या प्रकारातील मानाचे ठिकाण होय.

मैदानाला लांब, सपाट व मोकळी जमीन लागते आणि बारामतीच्या परिसरात नेमकी तीच कमी होत गेली. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे आले. माळरानाच्या जागी ऊस उभा राहिला. उसाने प्रथम बैलाचे महत्त्व वाढविले, कारण कारखान्यापर्यंत ऊस बैलगाड्यांतूनच जाई. ट्रॅक्टर आल्यावर ही वाहतूक हळूहळू त्यांच्याकडे गेली. बारामती शहराला खेटून असलेले जळोची हे गाव २०१२ मध्ये नगरपरिषदेच्या हद्दीत आले. बाजार समितीच्या उपबाजारासाठी ते परिचित आहे. कालव्याखालचे शेत, मग बाजार आणि मग शहराचा भाग, हा त्याचा प्रवास तालुक्यातील अनेक गावांचा आहे. अशा गावांत शर्यतीचा बैल पाळणारा शेतकरी त्याला नांगराला जुंपत नाही. तो त्याला दूध, उडदाचे पीठ, भरडा देतो, पोहावयास नेतो आणि शर्यतीच्या दिवशी टेंपोत घालून दूरच्या जिरायती गावातील मैदानावर घेऊन जातो. कष्टाच्या जनावराचे शर्यतीच्या जनावरात झालेले हे रूपांतर पुढील कायदेशीर वादाच्या मुळाशी आहे.

विदर्भातील शंकरपटात जोडी घड्याळाविरुद्ध किंवा शेजारच्या पट्टीवरील जोडीविरुद्ध धावते. जोडी हाकणाऱ्यास ‘धुरकरी’ म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील शंकरपट विशेष प्रसिद्ध असून तेथे स्त्रियाही जोड्या हाकतात. मुद्गलानीची आठवण करून देणारी ही प्रथा आहे. कोकणात, विशेषतः रायगड जिल्ह्यातील अलिबाग व मुरूड भागांत, शर्यती समुद्रकिनाऱ्यावर होतात. ओहोटीनंतर ओली वाळू घट्ट बसते. तीवर चाक रुतत नाही व बैलाचा पाय घसरत नाही. भरती येण्यापूर्वी सर्व बाऱ्या उरकाव्या लागतात.

घट्ट वाळू, सपाट भूमी आणि सरळ धाव यांचा शोध मोटारगाड्यांच्या चालकांनीही असाच घेतला. मोटारीचा पहिला नोंदलेला भूवेगविक्रम १८ डिसेंबर १८९८ रोजी पॅरिसजवळ आशेर येथे एका विद्युत्‌गाडीने केला. तिचा वेग ताशी ६३.१५ किमी. होता. भरधाव पळणाऱ्या शर्यतीच्या घोड्याला तो अशक्य नव्हता. वेग वाढत गेला तसे रस्ते अपुरे पडू लागले आणि चालक फ्लॉरिडातील डेटोना येथील समुद्रकिनाऱ्यावर आले. वाळूवरील उंचवटेही धोक्याचे ठरू लागल्यावर माल्कम कँबेल याने १९३५ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यातील बॉनव्हिल हे मिठाचे मैदान निवडले आणि ३ सप्टेंबर रोजी तेथे ताशी ३०१ मैलांहून (सु. ४८५ किमी.) अधिक वेग गाठला. बॉनव्हिल हे एका प्राचीन सरोवराचे तळ होय. हिवाळ्यात त्यावर उथळ पाणी साचते, मीठ विरघळते आणि उन्हाळ्यात पाणी आटले की निसर्गतःच सपाट झालेला कठीण थर उरतो. १९४९ पासून तेथे हौशी चालकांचा ‘वेगसप्ताह’ भरतो. त्याचे वातावरण यात्रेचेच असते : स्वतः घडविलेल्या गाड्या, कुटुंबासह मुक्काम, मिठावर उभारलेले तंबू, आणि घाटाप्रमाणेच एका वेळी एकच धाव. फरक आहे तो मापनात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार मोजलेल्या अंतरावरून एका तासाच्या आत परस्परविरुद्ध दिशांनी दोन धावा घ्याव्या लागतात व त्यांची सरासरी धरली जाते, म्हणजे वाऱ्याचा किंवा उताराचा लाभ उरत नाही. त्यामुळे कँबेलच्या आकड्याची तुलना १५ ऑक्टोबर १९९७ रोजी नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटात ध्वनिवेग ओलांडणाऱ्या ‘थ्रस्ट’ गाडीच्या ताशी १,२२७.९८५ किमी. या आकड्याशी करता येते. घाटाला हे शक्य नाही.

जनावराच्या शर्यतीत असे मापन आणू पाहिले तर काय होते, हे कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील कंबळ या रेड्यांच्या शर्यतीत २०२० मध्ये दिसले. चिखलाच्या पट्टीवर रेड्यांच्या मागे धावणाऱ्या एका युवकाने १४२.५ मी. अंतर १३.६२ सेकंदांत कापले. त्याचे शंभर मीटरचे गणित करून जगातील सर्वांत वेगवान धावपटूशी त्याची तुलना वृत्तपत्रांनी केली. रेड्यांच्या जोडीची ओढ त्याच्या हाताशी होती, ही गोष्ट त्या गणितात राहूनच गेली.

यंत्र आणि जनावर यांतील मोठा भेद मात्र वेगळाच आहे. यंत्राला त्याच्या मर्यादेपलीकडे रेटले, तर धोका चालकाला असतो आणि तो त्याने स्वतः पतकरलेला असतो. बैलाला ही निवड नसते. याच मुद्द्यावर शर्यती न्यायालयात गेल्या. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० याच्या बाविसाव्या कलमाखाली केंद्र शासनाने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढून खेळ दाखविण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. यादीत आधी अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह होते. त्यानुसार राज्य शासनाने २४ ऑगस्ट २०११ रोजी शर्यतींवर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने १२ मार्च २०१२ रोजी ती वैध ठरविली. पुढे तमिळनाडूतील जल्लिकट्टूच्या प्रकरणाबरोबर महाराष्ट्राचे प्रकरणही सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ मे २०१४ रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन व पिनाकी चंद्र घोष यांनी बंदी कायम केली. बैल हा ओझे ओढणारा प्राणी आहे, शर्यतीच्या घोड्याप्रमाणे धावण्यासाठी त्याच्या शरीराची रचना नाही. तो धावतो तो भयाने व वेदनेने, असे या निकालाचे प्रतिपादन होते. शेपटी पिरगाळणे, टोचणी व विजेचा धक्का यांसारख्या प्रकारांच्या नोंदी न्यायालयापुढे आल्या होत्या. यांपैकी पुष्कळ गोष्टी घडत होत्या, हे शर्यतींचे जाणते समर्थकही नाकारीत नाहीत.

बंदीचा परिणाम केवळ यात्रेपुरता राहिला नाही. २०१५ च्या मार्चमध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरील बंदी अंमलात आली. ट्रॅक्टरमुळे शेतकामातून बाजूला पडलेल्या खिलार गोऱ्ह्याला शर्यतीचा बाजारही उरला नाही. देशी वंश टिकेल तो मागणीनेच, असे गाडामालकांचे म्हणणे होते. तर वंश टिकविण्यासाठी त्याला घाटात पळविणे अपरिहार्य का व्हावे, असा प्राणिमित्रांचा प्रश्न होता. दोन्ही बाजूंत तथ्य होते. परंतु २०१४ च्या निकालात शर्यत ही प्रामुख्याने क्रौर्याची बाब म्हणून पाहिली गेली आणि अर्थव्यवहाराची बाजू दुय्यम राहिली. योगायोग असा, की मिठाचा थर ओला व पातळ झाल्याने बॉनव्हिलचा वेगसप्ताहही २०१४ व २०१५ या दोन्ही वर्षी रद्द झाला.

केंद्राने ७ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने शर्यतींना अटींवर सूट दिली. पाच दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईत जल्लिकट्टूसाठी मोठे आंदोलन झाले व तमिळनाडूने मूळ अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती केली. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी तशीच दुरुस्ती केली. जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी, परंपरेने शर्यत होत आलेली जागा आणि प्राण्याला वेदना न देण्याची अट हे तिचे आधार होते. अटभंगास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास, अशी शिक्षा ठेवण्यात आली. तथापि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१७ मधील अंतरिम आदेशांमुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, इतर दोन राज्यांत शर्यती चालू असताना महाराष्ट्राला वेगळा न्याय नको, या भूमिकेतून त्यांना अंतरिम परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस यांनी लिहिलेल्या या निकालानुसार एखादी प्रथा परंपरेचा भाग आहे की नाही हे ठरविणे विधिमंडळाकडे सोपविणे योग्य. दुरुस्तीने खेळाची रीतच बदलली असल्याने २०१४ चे दोष तीस लागू होत नाहीत, आणि अटी काटेकोरपणे पाळल्या जातात की नाही हे पाहण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची आहे.

२०२२ पासून घाट व मैदाने पुन्हा भरू लागली, पण ती जुन्या स्वरूपात नव्हेत. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड परिसरातील चिखली येथे झालेल्या शर्यतीत जेसीबी यंत्र, मोटार व ट्रॅक्टर अशी बक्षिसे होती. पूर्वीच्या यात्रेत फेटा, नारळ व ढाल यांवर समाधान असे. यात्रेचा खर्च गावची वर्गणी उचलत असे. मोठ्या शर्यतींचा खर्च आता राजकीय पुढारी व जमीन-बांधकाम व्यवसायातील मंडळी उचलतात. नामांकित बैलांच्या किमती लाखांत जातात. वेग वाढविण्याचा मोह यातून वाढतो आणि नियमांची खरी कसोटी तेथेच लागते.

नियमांनुसार शर्यतीचे अंतर १,००० मी. पेक्षा अधिक असता कामा नये. घाट त्याहून पुष्कळच तोकडा असल्याने ही अट मुख्यतः मैदानांना लागू पडते. धावण्यापूर्वी प्रत्येक बैलाची पशुवैद्यकाकडून तपासणी होते, काठी, चाबूक वा विजेचे साधन जवळ बाळगण्यास मनाई आहे आणि संपूर्ण शर्यतीचे चित्रीकरण करून ते जिल्हाधिकाऱ्यांना सादर करावे लागते. बांधावर बसणाऱ्यांच्या आठवणीत जी बारी राहत असे, ती त्यामुळे आता शासनदप्तरीही जमा होते.